मान उशीवरून उठत नव्हती: फवारणीच्या विषबाधेत १५ तासांनी पुन्हा घातलेली नळी

कपाशी कमरेच्या वर गेली की खानदेशातल्या आयसीयूंमध्ये फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण दिसू लागतात. श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवणं, अ‍ॅट्रोपिन चढवणं (हा या विषाचा उतारा), दोन-तीन दिवसांत नळी काढणं हे काम इथल्या डॉक्टर-सिस्टरांच्या हातात बसलेलं आहे. घोळ होतो तो त्याच्या पुढे. ठरवून काढलेल्या दर दहा नळ्यांपैकी एक-दोन पुन्हा घालाव्या लागतात, आणि त्या एक-दोघांमधलं मृत्यूचं प्रमाण बहुतेक नोंदींत २५ ते ५० टक्क्यांच्या घरात सापडतं. (एखाद्या आयसीयूत एकही नळी परत जात नसेल तर तेही कौतुकाचं नाही. तिथे नळ्या गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवल्या जात असतात.)

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे, कुणा एका रुग्णाचं नाही. पण शिरपूर-चोपडा-पारोळा पट्ट्यातल्या आठ-दहा खाटांच्या कुठल्याही आयसीयूत ते असंच घडू शकतं, आणि यातली एकही चूक अडाणीपणाची नाही. सगळ्या चुका नेहमीचं काम नेहमीसारखं करताना झालेल्या आहेत.

रुग्ण आणि पहिले दोन दिवस

पुरुष, वय ४६, वजन ५८ किलो, उंची १६५ सेंमी. कपाशीवर प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के हे मिश्रण फवारत होता. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत होतं, सदरा भिजून पाठीला चिकटला होता, तरी दुपारी २ पर्यंत काम चालू राहिलं. मग बांधावरच उलट्या, लाळ, दरदरून घाम. ५ वाजता दाखल झाला तेव्हा एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) ८२, नाडी ५२, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दोन्ही छात्यांत बुडबुड.

कपडे काढून साबणपाण्याने अंग धुतलं. अ‍ॅट्रोपिनच्या ०.६ मिग्रॅच्या ३ अँप्युल, ५ मिनिटांनी दुप्पट, परत ५ मिनिटांनी त्याच्या दुप्पट: १.८, ३.६, ७.२. एकूण १२.६ मिग्रॅ, म्हणजे २१ अँप्युल गेल्यावर छाती सुकली, नाडी १०० वर आली. एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला द्यायचे असतात. त्याप्रमाणे तासाला १.५ मिग्रॅ लावलं. पाम (प्रालिडॉक्सिम, दुसरा उतारा) सुरू केलं. गुंगी वाढत होती, लाळ आवरत नव्हती, म्हणून संध्याकाळी ६ वाजता ८ नंबरची नळी घातली, दाताशी २२ सेंमीवर. घाईची नळी होती, दुसऱ्या प्रयत्नात बसली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथपर्यंतच्या उपचारात खोट काढण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

सकाळी ७ वाजता रुग्ण जागा होता, डोळ्याला डोळा देत होता. एफआयओटू (दिल्या जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) ०.३५, पीप (श्वास सोडल्यावरही छातीत राखलेला दाब) ५. अ‍ॅट्रोपिन तासाला ०.६ मिग्रॅवर आलेलं. झोपेची औषधं आदल्या संध्याकाळीच बंद. प्रेशर सपोर्ट (व्हेंटिलेटरने दर श्वासाला दिलेला दाबाचा आधार) ८ वर ३० मिनिटांची चाचणी झाली: श्वास मिनिटाला २२, दर श्वासाला ३८० मिली. श्वासाची गती भागिले लिटरमधला श्वास, म्हणजे ५८. १९९१ साली यांग आणि टोबिन यांनी हा निर्देशांक मांडला तेव्हा १०५ ही रेघ ओढली होती; आकडा त्याखाली हवा. ५८ म्हणजे उत्तमच. एबीजीमध्ये (धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) पीएच ७.४१, कार्बन डायऑक्साइड ३८. नळीभोवतीचा हवेचा फुगा सोडून पाहिला तर बाजूने १२० मिली हवेची गळती, म्हणजे घशात फार सूज नाही. ८ वाजता नळी काढली. अंगावर विष सांडल्यापासूनचा तो ४२ वा तास होता.

कागदावर सगळं बरोबर आहे. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, १०५ ची रेघ व्हेंटिलेटरचा आधार नसताना मोजलेल्या श्वासांवरून आली आहे. प्रेशर सपोर्ट ८ वर मोजलेला आकडा नेहमीच गोजिरा दिसतो. दुसरी गोष्ट मोठी. या चाचणीने तपासलं ते एवढंच की थोडा आधार असताना, अर्धा तास, हा माणूस हवा आत-बाहेर करू शकतो. थुंकी गिळता येते का, कफ उसवून बाहेर काढता येतो का, जीभ मागे पडणार नाही ना, याचं उत्तर ती देत नाही. नळी असते तोवर हे सगळं काम नळी आणि सक्शन (यंत्राने कफ ओढणं) मिळून करतात, आणि रुग्ण फुकटात पास होतो.

त्या सकाळच्या नर्सिंग चार्टवर सक्शनच्या खुणा दर तासाला होत्या. दोन तासांच्या आत सक्शन लागत असेल तर नळी काढण्याआधी थांबून विचार करायचा असतो. चार्ट खाटेच्या पायथ्याशी लटकत होता, राउंड डोक्याच्या बाजूने झाला.

मान का तपासायची

प्रोफेनोफॉस ज्या गटात येतं त्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत तीन टप्पे असतात. पहिला लाळ-घाम-बुडबुडीचा, जो सगळ्यांना दिसतो. शेवटचा, आठवड्यांनी येणारा, हातापायांच्या नसांचा. तो दर रुग्णात येत नाही. मधला टप्पा म्हणजे इंटरमीडिएट सिंड्रोम. १९८७ साली श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करलिअड्डे यांनी तो वेगळा ओळखून मांडला. विषानंतर साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे पुढचे स्नायू, खांदे-मांड्यांचे स्नायू, गिळण्या-बोलण्याचे स्नायू आणि शेवटी श्वासाचे स्नायू ढिले पडतात. माणूस शुद्धीवर असतो. बरं व्हायला ५ ते १८ दिवस लागतात.

गंमत अशी, की हा टप्पा नेमका तेव्हा येतो जेव्हा रुग्ण 'सुधारलेला' दिसत असतो. अ‍ॅट्रोपिन ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिकांवरच्या मस्करिनिक जागांवर काम करतं. हाडाला धरलेल्या स्नायूंवरच्या निकोटिनिक जागांना ते शिवतही नाही. म्हणजे छाती कोरडी, नाडी ९६, बगल सुकी, बाहुल्या मोकळ्या, ही सगळी अ‍ॅट्रोपिन पुरेसं आहे याची खूण. स्नायूच्या बळाबद्दल यातली एकही खूण बोलत नाही. उलट लाळ सुकल्यामुळे गिळता येत नाही हेही झाकलं जातं. अ‍ॅट्रोपिन उतरवलं की घशात साचू लागते. शिवाय प्रोफेनोफॉससारखी चरबीत मुरणारी औषधं शरीरातून हळूहळू परत रक्तात येत राहतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सुधारणा तिसऱ्या दिवशी टिकेलच असं नाही.

मानेची चाचणी करायला पैसा लागत नाही. पाठीवर सपाट झोपवून उशी काढायची, 'मान उचल, छातीकडे बघ' म्हणायचं आणि मनात पाच मोजायचं. डोक्याचा मागचा भाग गादीपासून सुटला पाहिजे आणि पाच सेकंद सुटलेला राहिला पाहिजे. मग कपाळावर दोन बोटं टेकवून हलका दाब द्यायचा, तरी टिकली पाहिजे. उशी ठेवून ही चाचणी केली तर फसते, कारण मान आधीच वर असते. या रुग्णात ती केलीच नाही. केली असती तर त्या सकाळी मान कदाचित उठली असती, कदाचित नसती. पण दर चार तासांनी केली असती तर दुपारी नक्की कळलं असतं.

८ ते ११: पंधरा तास

दुपारी १२ पर्यंत तो व्यवस्थित बोलत होता. पोळा दोन दिवसांवर होता. बैलांच्या शिंगांना रंग कोण लावणार, हे त्याने बायकोला दोनदा विचारलं. २ वाजता ड्यूटी बदलली. ४ वाजताची नोंद: 'रुग्ण शुद्धीवर, बोलतो, तक्रार नाही.'

काय बोलतो ते नोंदवलं, कसा बोलतो ते नाही. तोवर आवाज नाकातून येऊ लागला होता. टाळू ढिला पडला की 'बैल' चा 'ब' नीट फुटत नाही, 'म'सारखा ऐकू येतो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर येत होती आणि बायको पदराने पुसत होती. ५ वाजता ती सिस्टरकडे जाऊन म्हणाली, ''यास्नी मान पडी राह्यनी.'' (यांची मान पडते आहे.) उशी नीट लावून देण्यात आली. दिवसभरातलं सगळ्यात अचूक निदान ते होतं, आणि त्याला उशी मिळाली.

६ वाजता श्वास २८, एसपीओटू ९६, तोंडावर ६ लिटरचा मास्क. ९६ बघून सगळे निर्धास्त. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात गेलेल्या नळीतून) २०० मिली दूधपेज दिली. इथे ऑक्सिजन फसवतो. ४० टक्के ऑक्सिजनवर असलेल्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड ६८ पर्यंत चढला तरी फुप्फुसं निरोगी असतील तर एसपीओटू ९५ च्या वरच दिसतो. तोच माणूस साध्या हवेवर असता तर ९० च्या खाली घसरला असता. एसपीओटू ऑक्सिजन पोचतोय का ते सांगतो, श्वास पुरतोय का ते नाही. स्नायू ढिले पडणाऱ्या रुग्णात हे मशीन सगळ्यात शेवटी वाजतं.

रात्री ८ ला एबीजी: पीएच ७.३३, कार्बन डायऑक्साइड ५०. बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावला. १०.३० ला पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ६८, डोळे मिटलेले, श्वास ३६ वरून १४ वर आलेला. हा १४ म्हणजे आराम पडल्याची खूण नव्हती. माणूस थकला होता. ११ वाजता नळी परत.

दुसरं काही असू शकलं असतं का

रात्री ८ वाजता उभं राहून पाच मिनिटं हा विचार व्हायला हवा होता. नळी काढल्यावर दम लागण्याची कारणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

स्वरयंत्राची सूज असेल तर श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, तोही बहुधा पहिल्या काही तासांतच. इथे मानेवर स्टेथोस्कोप ठेवला तर शांत होतं. हृदयाचं कारण असेल, म्हणजे व्हेंटिलेटरचा दाब निघाल्यावर हृदयाकडे येणारं रक्त आणि डाव्या हृदयावरचा भार एकदम वाढून फुप्फुसांत पाणी भरत असेल, तर रक्तदाब चढतो, छातीत खालून वर क्रेपिटेशन (बारीक चरचर) येतात. २४ तासांत २ लिटर सलाइन जास्त गेलेल्या रुग्णात हे आधी शोधायचं. याच्या छातीत खरखर होती ती वरच्या मोठ्या नळ्यांची, खोकताच जागा बदलणारी. अ‍ॅट्रोपिन कमी पडलं असतं तर नाडी उतरली असती, बाहुल्या बारीक झाल्या असत्या. झोपेचं औषध उरलं असेल तर श्वास आधीपासून मंद असतो, २८ नसतो.

उरतं ते बळ. श्वास जलद आणि उथळ, छातीऐवजी मानेचे दोर ताणलेले, पोट आत जाताना छाती वर, आवाज नाकातून, खोकला घशातल्या घशात. अशा वेळी एक सोपी चाचणी आहे: पोटभर श्वास घ्यायला सांगून एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे. निरोगी माणूस चाळिसाच्या पुढे जातो. पंधराच्या आत दम तुटत असेल तर एबीजीची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि हो, आकडे ज्या भाषेत येतात त्या भाषेत म्हणायला लावावेत. सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या रुग्णाला प्रमाण मराठीत हुकूम सोडायचे आणि 'कमांड पाळत नाही' लिहायचं, हे होत राहतं.

बायपॅपने काय केलं

बायपॅप वाईट नाही, तो इथे चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी लागला. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार), हार्ट फेल्युअर, चाचणीत कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर गेलेला रुग्ण, अशांना नळी काढताक्षणी, दम लागण्याआधी बायपॅप लावला तर पुन्हा नळीची वेळ टळू शकते. दम लागल्यावर लावणं हे वेगळं प्रकरण. २००४ साली ८ देशांतल्या ३७ आयसीयूंमधल्या २२१ रुग्णांवर हे तपासलं गेलं. पुन्हा नळी लागण्याचं प्रमाण बायपॅपने कमी झालं नाही. मृत्यू मात्र बायपॅप गटात २५ टक्के आणि नेहमीच्या उपचारात १४ टक्के. कारणाकडे बोट दाखवणारा आकडाही त्यातच आहे: दम लागल्यापासून नळी पडेपर्यंतचा मधला वेळ बायपॅप गटात १२ तास, दुसऱ्या गटात अडीच तास.

या रुग्णात वर आणखी दोन तोटे. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडावर घट्ट मास्क बांधला की लाळ आणि कफ बाहेर यायचा मार्गच बंद होतो, दाबाने ते आत ढकललं जातं. आणि हवा पोटात जाते. अडीच तासांत पोट ढोलासारखं झालं होतं.

दुसरी नळी पहिल्यासारखी नसते

आयसीयूत नळी घालणं हे एरवीही जोखमीचं काम आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतल्या २,९६४ रुग्णांच्या अभ्यासात ४५ टक्क्यांना नळी घालताना किंवा लगेच नंतर मोठी गुंतागुंत झाली; ४२.६ टक्क्यांचा रक्तदाब कोसळला, ९.३ टक्क्यांचा ऑक्सिजन धोकादायक घसरला, ३.१ टक्क्यांचं हृदय थांबलं. पुन्हा नळी घालताना यात भर पडते: सुजलेला घसा, थकलेला रुग्ण, भरलेलं पोट, रात्रीची वेळ.

११ वाजता काय झालं ते क्रमाने. सवयीने ट्रेमध्ये स्कोलिन (नळी घालताना स्नायू थोडा वेळ लुळे करणारं औषध) १०० मिग्रॅ भरून ठेवलेलं होतं. ड्यूटीवरच्या भूलतज्ज्ञांनी ती सिरिंज बाजूला काढली, आणि रात्रीतला सगळ्यात चांगला निर्णय तो. स्कोलिन रक्तातल्या ज्या कोलिनेस्टरेज या एन्झाइमने विरतं, तेच या विषाने बंद पाडलेलं असतं. पाच-दहा मिनिटांचं औषध तासन्‌तास टिकतं. नळी हुकली तर रुग्ण स्वतः श्वास घेईल ही आशाच राहत नाही. जास्त दिवस खाटेला खिळलेल्या रुग्णांत तर स्कोलिनने पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं, म्हणून कुठल्याही जुन्या आयसीयू रुग्णाला पुन्हा नळी घालताना ते टाळलेलं बरं. त्याऐवजी स्नायू लुळे करणारं दुसरं औषध, रोक्युरोनियम दिलं, किलोला १.२ मिग्रॅ, म्हणजे ७० मिग्रॅ. सोबत भुलीसाठी केटामिन.

रायल्स ट्यूब आधी ओढायला हवी होती. ती नळीनंतर ओढली तेव्हा २६० मिली निघालं. ८ नंबरची नळी, जी परवा गेली होती, ती यावेळी स्वररज्जूंपाशी अडकली. घाईच्या पहिल्या नळीची सूज होती. फुगा सोडून मोजलेली १२० मिली गळती त्या सकाळी पुरेशी होती, पण नळी निघाल्यावर सूज काही तास वाढू शकते. एसपीओटू ७१, नाडी ४४. बाहेर येऊन अँबूने (हाताने दाबायच्या पिशवीने) ऑक्सिजन दिला, ९० च्या वर आणलं, मग बूजी (वाट दाखवणारी लवचीक काडी) आणि त्यावरून ७ नंबरची नळी. तीही बूजीवर असताना अडखळली. अशा वेळी ढकलायचं नाही; नळी किंचित मागे घेऊन घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा द्यायचा, म्हणजे टोक स्वरयंत्राच्या उजव्या कूर्चेवरून, म्हणजे उजव्या अ‍ॅरिटिनॉइडवरून सुटतं. गेली. कॅप्नोग्राफवर (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) सहा श्वास सलग चौकोनी लाट दिसली, तेव्हा नळी श्वासनलिकेत आहे असं मानलं. इथे 'छाती हलतेय, आवाज येतोय' यावर कुणी भागवू नये. ब्रिटनमध्ये २०११ साली झालेल्या एनएपी-४ तपासणीत आयसीयूतल्या श्वासमार्गाच्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत कॅप्नोग्राफ न वापरणं हे एक कारण निघालं होतं.

पाच मिनिटांत रक्तदाब ७४/४०. यात गूढ काही नाही. कार्बन डायऑक्साइड वाढलेला आणि जीव घाबरलेला असतो तोवर शरीर स्वतःच्या अ‍ॅड्रिनॅलिनवर दाब धरून असतं. झोप दिली, कार्बन डायऑक्साइड झटक्यात उतरवला, छातीत दाब घातला, की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दाब खाली बसतो. म्हणून नॉरअ‍ॅड (रक्तदाब चढवणारं औषध) आधी लावून ठेवायचं: ५० मिलीमध्ये ४ मिग्रॅ. ५८ किलोच्या माणसाला किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे तासाला ४.४ मिली. पंप लावलेला, लाइन भरलेली, औषधाआधीच सुरू. आणि पहिले श्वास मिनिटाला २० च्या आसपास, एकदम ३० नाही.

ऑक्सिजन भरण्याच्या बाबतीत मात्र तोच बायपॅप मास्क कामाचा असतो. नळीआधी तीन मिनिटं, एफआयओटू १.०, पीप ५, डोकं ३० अंश वर. २०२४ च्या १,३०१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत साध्या मास्कने ऑक्सिजन भरलेल्यांपैकी १८.५ टक्क्यांचा, तर बायपॅपने भरलेल्यांपैकी ९.१ टक्क्यांचा ऑक्सिजन घसरला. अट एकच: उलटी होत नसावी आणि पोट आधी रिकामं केलेलं असावं.

पुढचे दहा दिवस

पाचव्या दिवशी ताप, पिवळा कफ, उजव्या खालच्या भागात न्यूमोनिया. पुन्हा नळी पडलेल्यांमध्ये हे नेहमीचं आहे. अँटिबायोटिक दिलं, उतरला.

यावेळी खाटेवर मानेचा तक्ता लावला. सहावा दिवस: शून्य. नववा: डोकं गादीवरून सुटतं, एक सेकंद. अकरावा: तीन सेकंद. बारावा: पाचाच्या वर, बोटांच्या दाबाविरुद्धही. दहाव्या दिवशी ट्रॅकिओस्टोमीचा (गळ्याला छेद देऊन नळी बसवण्याचा) विषय निघाला होता. मान रोज थोडी सरकत होती म्हणून दोन दिवस थांबले. मान जागची हलली नसती तर थांबणं चूक ठरलं असतं.

तेराव्या दिवसाची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू झाली. तोंड आणि श्वासनलिका साफ करून, ४२० मिलीच्या ठरलेल्या श्वासावर नळीचा फुगा सोडला, सहा श्वास बघितले आणि बाहेर येणाऱ्या हवेचे सगळ्यात कमी तीन आकडे घेतले: ३४०, ३४५, ३५०. सरासरी ३४५, गळती फक्त ७५. ११० च्या आत म्हणजे सूज असण्याची शक्यता. सूज उतरवणारं मिथाइलप्रेडनिसोलोन २० मिग्रॅ रात्री ९, १, पहाटे ५ आणि सकाळी ९ ला. २००७ च्या फ्रेंच अभ्यासात याच पद्धतीने सूज २२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली होती. नळी काढण्याच्या तासभर आधी दिलेल्या एका डोसला अर्थ नाही, किमान चार तास हवेत. सकाळी गळती १५५.

चाचणी टी-पीसवर (व्हेंटिलेटरचा आधार न देता, नळीतून नुसता ऑक्सिजन) ३० मिनिटं, कारण प्रश्न बळाचा होता आणि आधार देऊन बळ मोजता येत नाही. नंतर लगेच नळी न काढता एक तास परत व्हेंटिलेटरवर विश्रांती. हा तास अनेक ठिकाणी वाया गेल्यासारखा वाटतो. २०१७ च्या स्पॅनिश अभ्यासात त्या तासाने ४८ तासांत पुन्हा नळी लागण्याचं प्रमाण १४ वरून ५ टक्क्यांवर आलं.

विश्रांतीच्या तासात चार हुकूम, त्याच्या भाषेत: डोया उघड, माझ्याकडे बघत राहा, हात दाब, जीभ काढ. चारही जमले. मग पांढरा कागद. कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा नळीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर धरायचा आणि तीन-चारदा खोकायला लावायचं. कागदावर ओल उमटली तर खोकल्याला जोर आहे. याचा कागद दुसऱ्याच खोकल्याला ठिपक्याठिपक्यांनी भिजला. सक्शन तीन तासांतून एकदा. २००४ च्या एका अभ्यासात कमजोर खोकला, तासाला अडीच मिलीपेक्षा जास्त कफ आणि चार हुकूम न जमणं, या तिन्ही गोष्टी असलेल्या प्रत्येकाला पुन्हा नळी लागली. तिन्ही नसलेल्यांत ३ टक्क्यांना.

१० वाजता नळी काढली, हाय फ्लो (नाकातून जोराने दिलेला ऑक्सिजन) लावला: मिनिटाला ५० लिटर, एफआयओटू ०.४. लहान रुग्णालयात याचा हिशेब आधी करावा. त्यात शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १२ लिटर जातो, ७,००० लिटरचा जंबो सिलिंडर पावणेदहा तास पुरतो, म्हणजे दिवसाला अडीच सिलिंडर. एफआयओटू १.० करावा लागला तर तोच सिलिंडर २ तास २० मिनिटांत संपतो. रात्री दोनला रिकामा सिलिंडर हे पुन्हा नळीचं एक कारण आहे, ते कुठल्या अभ्यासात येत नाही इतकंच.

खाटेशेजारी ७ आणि ६.५ च्या नळ्या, बूजी, ४ नंबरची आय-जेल (स्वरयंत्रावर बसणारी पर्यायी नळी), कॅप्नोग्राफ, रोक्युरोनियम. कागदावर लिहिलेलं: पहिला तास दर १५ मिनिटांनी, मग तासातासाने मान, आवाज, एका दमातले आकडे. मान पाच सेकंदांच्या खाली किंवा आवाज नाकातून आला तर डॉक्टरांना फोन. आकडे १५ च्या खाली गेले तर नळीची तयारी, बायपॅप नाही. घरच्यांनी काही सांगितलं तर ते त्यांच्याच शब्दांत चार्टवर लिहायचं. विषानंतरच्या ९६ तासांच्या आत अशा रुग्णाला जळगाव-धुळ्याला हलवायचं झालं आणि मान डळमळीत असेल, तर नळी घालूनच १०८ मध्ये बसवायचं. चालत्या गाडीत हे काम होत नाही.

नळी काढल्यावर पहिल्या दिवशी एका दमातले आकडे २२, तिसऱ्या दिवशी ३१. नळी पुन्हा लागली नाही. अठराव्या दिवशी घरी.

डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लाल शाईने लिहिल्या. या हंगामात फवारणी पूर्ण बंद, कारण लाल पेशींमधलं कोलिनेस्टरेज नव्या पेशी तयार होतील तसंच भरून येतं आणि त्याला तीनेक महिने लागतात. तोवर थोडंसं विषही पहिल्यापेक्षा भारी पडतं. आणि दुसरी ओळ: दरम्यान कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड आधी दाखवणे, स्कोलिन टाळणे.